पतसंस्थेत सभासद झाल्याने सिबिल सुधारतं का? (दापोली–हर्णै)

टेंपोवाला_दापोली
नमस्कार मंडळी. हर्णै बंदरातून मासळी वाहतुकीचा टेंपो आहे. सिबिल स्कोअर ५८४. रिपोर्टात दोन भानगडी दिसतात.

पहिली, टेंपोचं कर्ज, खासगी फायनान्सचं. २०२३ चे जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते थकले. नंतर सगळं भरलं, मार्च २०२४ ला कर्ज फिटलं, एनओसी घरात आहे. तरी रिपोर्टात खातं अजून ‘ॲक्टिव्ह’, आणि १,१४० रुपये थकीत.

दुसरी, पर्सनल लोन. ९०,००० येणं होतं, २०२२ मध्ये ६२,००० वर तडजोड झाली. तिथे ‘सेटल्ड’ लिहिलंय.

साधारण दीड वर्षाने इंजिनाचं काम आणि बर्फपेटीची बॉडी करायची आहे, दीड लाख लागतील. गावातली नागरी पतसंस्था म्हणते की शेअर्स घ्या, रोज शंभराची पिग्मी (एजंटकडे भरायची रोजची बचत) लावा, सहा महिन्यांनी दोन जामीनदारांवर दीड लाख देतो, ‘पत पण सुधारेल’. खरंच सुधारते का? आणि पैसे तिथे ठेवणं कितपत सुरक्षित?

जमाखर्च
पत सुधारेल ती त्या पतसंस्थेच्या वहीत. सिबिलात नाही.

कारण सरळ आहे. २००५ च्या पतमाहिती कायद्यात कर्जाची माहिती ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीला, कोणी कळवायची त्याची यादी आहे: बँका, सहकारी बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या), गृहकर्ज कंपन्या, क्रेडिट कार्डवाले. राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था त्या यादीत नाही. म्हणून तुम्ही तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता फेडलंत, तरी रिपोर्टात ओळ उमटण्याची अपेक्षा ठेवू नका. काउंटरवर ‘सिबिलला जातं का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो हो’ असंच येतं. ‘तुमच्याकडे कर्ज असलेल्या कुणाच्याही रिपोर्टात तुमच्या संस्थेचं नाव दिसतं का’ असं विचारा.

आता तुमच्या दोन ओळी. १,१४० बहुधा चेक किंवा ‘नाच’ (खात्यातून हप्ता आपोआप कापायची सोय) बाउन्सचे चार्जेस आहेत. मुद्दल-व्याज फिटलं की लोक मोकळे होतात आणि हे मागे राहतं. रक्कम किती याने फरक पडत नाही, ‘ओव्हरड्यू’ हा शब्द पडतो. आधी फायनान्सवाल्याकडून खातेउतारा मागवा. एनओसीच्या तारखेनंतर त्यात काही येणं दाखवलं असेल तर ते कशाचं हे लेखी विचारा. काहीच नसेल तर थेट ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाका, एनओसी जोडा. डिस्प्यूटला पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. या तीसमधले पहिले एकवीस दिवस कर्ज देणाऱ्याचे असतात, आणि दिरंगाई बहुतेक तिथेच होते, म्हणून त्यालाही त्याच दिवशी ईमेल करा. भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं सीएमएस पोर्टल. ब्युरोसुद्धा सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत.

आणि एकट्या सिबिलचा रिपोर्ट पाहून थांबू नका. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क मिळून ब्युरो चार. प्रत्येकाने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. एकीकडे दुरुस्त झालेली ओळ दुसरीकडे तशीच राहते, आणि बँक नेमका दुसरा रिपोर्ट काढते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा पाहिलात तरी स्कोअर घटत नाही.

थकलेल्या तीन हप्त्यांचं मात्र काही करता येत नाही. ती नोंद खरी आहे. महिन्यागणिक किती दिवस उशीर झाला त्याचा तक्ता छत्तीस महिन्यांचा असतो. जुने महिने मागे सरकतात, पुढच्या घरांत ‘०००’ (शून्य दिवस उशीर) भरत गेले की त्यांचा भार कमी होतो. पण ते ‘०००’ यायला कळवणाऱ्या संस्थेकडे चालू खातं हवं. तुमच्याकडे आज तेच नाही.

सुरंगी
जमाखर्च यांचं बरोबर आहे, पण म्हणून पतसंस्था सोडून द्या असं मी म्हणणार नाही. ५८४ स्कोअरवर दीड लाख देणारं दुसरं कोणी दारात उभं नाही. फक्त ती स्कोअरसाठी नाही, गरजेच्या पैशासाठी आहे, एवढं डोक्यात ठेवून आत जा.

सभासद होताना ‘नाममात्र’ की ‘नियमित’ हे अर्जावर बघा. नाममात्र सभासदाला मत नाही, लाभांश नाही. कर्ज घाईने द्यायचं असलं की नाममात्रचा फॉर्म पुढे करतात. नियमित सभासदत्वासाठी तुमचं राहणं किंवा धंदा संस्थेच्या कार्यक्षेत्रात हवा. हे कार्यक्षेत्र उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, लिहिलेलं असतं. कुठे एक तालुका, कुठे जिल्हा. कागद नेहमीचेच: आधार, पॅन, वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, फोटो, वारसाचं नाव. वारसाचा रकाना मोकळा सोडू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, कारण तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासद करून घेतलं असं कायदा मानतो, आणि ते तीन महिने त्या शिक्क्यापासूनच मोजतात.

सुरक्षिततेचं म्हणाल तर बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यालासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे. तेव्हा वार्षिक अहवाल मागून घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्याआधी अहवाल छापलेला असतोच. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, ‘अ’ की ‘ब’. ‘क’ असेल तर पिग्मीसुद्धा नको. मग थकबाकीचं प्रमाण सलग तीन वर्षांचं बघा, एका वर्षाचं नाही. मार्चअखेरीला जुनी कर्जं नवीन करून थकबाकी कमी दाखवता येते. तशा ठिकाणी थकबाकी उतरते पण येणं व्याज फुगत जातं, दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत की कळतं.

पिग्मीचं एक सांगते. एजंटच्या मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावर लोक फक्त शंभरचा आकडा बघतात. खालचा ‘एकूण शिल्लक’ बघा. कालच्या चिठ्ठीपेक्षा तो बरोबर शंभराने वाढलेला हवा. तेवढाच असेल तर भरणा खात्याला लागलेला नाही. मशीन बंद आहे म्हणून वहीवर सही करून जातो तेव्हा त्या आठवड्यातच शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. आणि मुदतीआधी पिग्मी मोडली तर व्याज तर जातंच, वर एजंटचं कमिशन तुमच्या मुद्दलातून कापतात. किती ते खातं उघडतानाच विचारा.

जमाखर्च
सुरंगीताईंच्या मुद्द्याला धरून व्याजाचं. ‘बारा टक्के’ म्हणाले तर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकीवर, हा पहिला प्रश्न. दीड लाख, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ५४,०००, हप्ता ५,६६७. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर २१ टक्क्यांच्या थोडा वरच जातो. उलट शेजारची संस्था ‘चौदा टक्के, घटत्या शिलकीवर’ म्हणत असेल तर हप्ता ५,१२७ आणि एकूण व्याज साधारण ३४,५००. बारा महाग, चौदा स्वस्त. गणित न मांडता सही करणारे इथेच फसतात.

दुसरं म्हणजे शेअर्सची कपात. उपविधीत कर्जाच्या दहा टक्के शेअर्स असतील तर १५,००० आधीच वळते होतात. हातात १,३५,०००, व्याज मात्र दीड लाखावर. वर प्रोसेसिंग, फॉर्म फी, विमा. बॉडीवाल्याला द्यायची रक्कम ठरवताना हातात पडणारा आकडा धरा. कर्ज फिटल्यावर शेअर्स आपोआप परत येत नाहीत, वेगळा अर्ज करावा लागतो.

बंदरकाठ
हप्त्यांचे थकलेले महिने बघा. जून, जुलै, ऑगस्ट. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. होड्या ओढलेल्या, टेंपोला भाडं नाही. ऑगस्टातही धंदा लगेच लागत नाही, बरेच जण नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर पडतात, त्यानंतर खराब हवेचे दिवस आहेतच. म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हता, हप्त्याची रचनाच चुकली होती. नवं कर्ज कुठूनही घ्या, हे तीन हप्ते ३१ मेला बाजूला पडलेले हवेत.

५,१२७ चे तीन हप्ते म्हणजे १५,३८१. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत महिन्याला १,९२५ बाजूला टाकले की झालं. यासाठी बँकेत आवर्त ठेव लावा आणि ती मेअखेरीला पिकेल अशी मुदत घ्या. बारा महिन्यांची घेतलीत तर बरोबर जुलैत मोडायची पाळी येते. काही पतसंस्था मच्छीमारांना हंगामी हप्ते देतात, बंदीत फक्त व्याज आणि हंगामात मोठा हप्ता. टेंपोवाल्यालाही मागायला हरकत नाही. मंजुरीपत्रात लिहून घ्या म्हणजे झालं. तोंडी ‘पावसाळ्यात बघू’ म्हटलेलं दंडव्याजाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

आता ‘०००’ कुठून आणायचे ते. बँकेत २०,००० ची एफडी ठेवा आणि तिच्यावरच क्रेडिट कार्ड घ्या. एफडी तारण असल्यामुळे ५८४ सहसा आड येत नाही. साधारण १५,००० ते १८,००० ची मर्यादा मिळते. त्यातले महिन्याला साडेचार हजारांपेक्षा जास्त वापरू नका, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत. आणि तुमच्यासारख्यांचं एक हमखास चुकतं. शेवटच्या तारखेला पूर्ण बिल भरतात, पण बिल निघालं त्या दिवशी कार्ड पूर्ण वापरलेलं असतं, आणि अनेकदा ब्युरोकडे तोच आकडा जातो. म्हणून बिलाची तारीख १८ असेल तर १६ लाच मोठा भाग भरून टाका. दोन-तीनशे रुपये बिलात राहू द्या, ते शेवटच्या तारखेआधी ऑटो-डेबिटने जाऊ देत. डिझेल या कार्डावर टाकायचं असेल तर पंपावरचा सरचार्ज आधी बघून घ्या, माफीची अट कार्डागणिक वेगळी. रोख मात्र काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

गणपतीला सोनं ठेवायची पाळी आलीच तर पतसंस्थेऐवजी बँकेत ठेवा. दागिना तोच, पण बँकेतल्या सोनेतारणाची नोंद रिपोर्टात चढते. मुदतीच्या दिवशी सोडवलं नाही तर थकल्याचीही चढते, हे आहेच.

काजूगर
एक वेगळं मत. बंदरकाठ यांनी कार्डापासून सुरुवात सांगितली, मी ‘सेटल्ड’पासून म्हणेन. स्कोअर ७२० झाला तरी अनेक बँकांत मॅनेजरच्या स्क्रीनवर ‘सेटल्ड’ दिसलं की फाइल तिथेच थांबते. सोडलेले २८,००० त्या कंपनीला भरायची तयारी दाखवा, पण पैसे आधी नाही. आधी पत्र घ्या: अमुक रक्कम भरल्यावर काही येणं राहणार नाही आणि ब्युरोला खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवू. २८,००० वर मधल्या वर्षांचं व्याजही मागतील, तिथे घासाघीस होते. कर्ज वसुली कंपनीला विकलेलं असेल तर पत्र तिच्याकडून हवं. अशा वेळी रिपोर्टात एकाच कर्जाच्या दोन ओळी दिसतात, दोन्ही बंद झाल्या पाहिजेत.

बंदरकाठ
@काजूगर, बरोबर, पण क्रम मी तोच ठेवेन. कार्डाला वेळ लागतो, बारा-अठरा महिने ओळीने स्वच्छ जावे लागतात, म्हणून ते आज सुरू. २८,००० पुढच्या हंगामात भरले तरी चालतील, ‘क्लोज्ड’ व्हायला एक-दोन महिने पुरतात. एकाच हंगामात दोन्ही काढायला गेलात तर पावसाळ्याचे पैसे त्यात जातील.

टेंपोवाला_दापोली
सगळ्यांचे आभार. ६२,००० भरल्याची पावती आहे, कंपनी अजून तीच आहे. अजून दोन गोष्टी. पतसंस्था चार कोरे चेक मागतेय, सही करून. आणि जामीनदार म्हणून चुलतभाऊ तयार आहे, पण तारण म्हणून सातबारा मागतात. आमचा सातबारा सामाईक, तेवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत.

कलम१०१
कोरा चेक देऊ नका. ‘फक्त तारण म्हणून’ हे कोर्टात फारसं टिकत नाही. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर घेणाऱ्याने रक्कम भरली तरी चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली तो चालतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. चेक वटला नाही की संस्था तीस दिवसांत नोटीस काढते, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस, मग फौजदारी तक्रार. द्यावाच लागला तर संस्थेचं नाव लिहून, रेघा मारून, एका हप्त्याची रक्कम टाकून द्या, आणि चेक नंबरांची यादी त्यांच्या शिक्क्यानिशी घ्या. कर्ज फिटल्यावर त्याच यादीवर परत घ्यायचे.

चुलतभावाला त्याच्या बाजूचं आधी सांगा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्थेला आधी तुमच्या मागे लागावंच लागतं असं नाही. हप्ते थकले की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे वसुली दाखल्याचा अर्ज करते. त्या अर्जाची नोटीस येते तेव्हा हजर राहून म्हणणं मांडायचं, तिथे गैरहजर राहिलात तर संपलं. दाखला निघाल्यावर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, आणि दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर एकूण येण्याच्या पन्नास टक्के आधी भरावे लागतात. दीड लाखाला तेवढे भरायला कोणाकडे असतात?

सामाईक सातबाऱ्याचं विसरा. तेवीस जणांच्या सह्या गोळा होणार नाहीत, आणि एकट्याच्या हिश्श्यावर बोजा चढवायला संस्था नको म्हणते. त्याऐवजी टेंपोच तारण द्या. पण आधी गाडीची आरसी (नोंदणीचं पुस्तक) काढून बघा, जुन्या फायनान्सचं नाव त्यावर अजून असणार. एनओसी घरात ठेवून ते जात नाही. फॉर्म ३५ (आरसीवरचं फायनान्सचं नाव काढायचा अर्ज) वर फायनान्सवाल्याची सही-शिक्का, एनओसी, आरसी, चालू विमा आणि पीयूसी घेऊन रत्नागिरी आरटीओत अर्ज करावा लागतो. २०२४ ची एनओसी जुनी म्हणून परत करतील, तेव्हा १,१४० चा निकाल लावताना त्याच पत्रात नवी एनओसी आणि फॉर्म ३५ मागून घ्या.

सुरंगी
याला जोडून. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणारे एजंट खेड-चिपळूणला बरेच झालेत. ते वरचाच डिस्प्यूट टाकतात आणि तुमचा ओटीपी घेतात. ओटीपी द्यायचा नाही. अधूनमधून आठ ठिकाणी कर्जाची चौकशीही करू नका, प्रत्येक अर्जाची नोंद चढते.

टेंपोवाला_दापोली
शेवटचं. कार्डासाठीची एफडी पतसंस्थेत ठेवली तर? तिथे व्याज दीड टक्का जास्त आहे.

जमाखर्च
नाही चालणार. कार्ड देणारी बँक स्वतःकडच्याच एफडीवर देते, पतसंस्थेची ठेव पावती तिच्या काही कामाची नाही. वीस हजारांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला तीनशे रुपये. पिग्मी लावायची असेल तर लावा, पण पिकली की रक्कम रोख न घेता बँक खात्यात ट्रान्सफर करून मागा. वर्षभराने बँकेचा मॅनेजर स्टेटमेंट मागेल तेव्हा टेंपोवाल्याची कमाई दाखवणाऱ्या अशाच जमा ओळी लागतात. बंदरावरचं रोख भाडंही आठवड्यातून एकदा खात्यात भरत जा, दर वेळी त्याच वारी.